देवमनच्या पिकअपचं पायदान

कामरगावात देवमन वानखडेला घाईचं काम कोणी सांगत नाही. गाडी चालवण्यात तो चोख आहे. बारा वर्षं पिकअप चालवतोय, पण त्याच्या चाकाखाली अजून एखादी कोंबडीही आलेली नाही. पंचाईत होते ती दोन वस्तूंमधली एक निवडायची वेळ आली की. पल्लवीला पाहून आल्यावर होकार कळवायला त्यानं चार महिने घेतले. तोवर तिच्या वडिलांनी दुसरं स्थळ पाहिलं होतं, ठरवलं होतं आणि मोडलंही होतं. पिकअप घेताना रंग कोणता घ्यावा यासाठी तो तीन शनिवार अकोल्याला गेला. चौथ्या शनिवारी तिथल्या माणसानं पांढऱ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि शटर ओढून घेतलं.

अशा माणसाला आपल्या आईसाठी गाडीची पायरी निवडायची होती.

आई म्हणजे भागिरथाबाई. वय शहात्तर, उंची साडेचार फुटांच्या आत, आणि आवाज मात्र चार वावरं ओलांडून जाणारा. पिकअपची केबिन जमिनीपासून बरीच उंच. पूर्वी ती चाकावर पाय देऊन, दाराला लोंबकळून चढून बसायची. गुडघे कुरकुरायला लागल्यावर प्लास्टिकचं स्टूल लागू लागलं. मागच्या वर्षी रिठदला एका लग्नाहून परत निघताना ते स्टूल सापडेना. त्यावर बसून कोणीतरी जेवत होतं आणि जेवणारा उठायचं नाव घेत नव्हता. तेव्हा देवमनच्या दोन मावसभावांनी भागिरथाबाईला काखेतून आणि गुडघ्यांखालून धरलं आणि उचलून सीटवर ठेवलं. दोघंही बाजार समितीत हमाली करणारे, त्यामुळे काम सफाईनं झालं. एकानं सवयीनं तिच्या पाठीवर थापही मारली.

घरी येऊन खाली उतरल्यावर ती म्हणाली, "मी पोतं नाई, देवमन. आता या गाडीत बसन तं माह्या पायानं बसन."

गाडीला पायदान बसवावं हे देवमनला त्याच संध्याकाळी सुचलं. कोणतं बसवावं, यात आठ महिने गेले. या आठ महिन्यांत तो मोबाइलवर पायदानांचे व्हिडिओ बघत जेवला. रस्त्यानं जाताना जी गाडी उभी दिसेल तिच्या बाजूला पालथा पडून त्यानं तिच्या खालच्या पट्ट्या न्याहाळल्या. शेलूबाजारच्या एका ढाब्यावर असाच पालथा पडलेला असताना ट्रकवाल्याला तो डिझेलचोर वाटला. देवमननं उठून, कपडे झटकून, त्याला आईच्या गुडघ्यांपासून सगळी हकीकत सांगितली. ट्रकवाल्याचा चहा थंड झाला. शेवटी त्यानंच हात जोडले आणि तपासा हो तुम्ही निवांत, असं सांगून तो निघून गेला.

पहिला प्रश्न उंचीचा होता. पायदान आईचा पाय पोचेल इतकं खाली हवं, आणि शेताच्या वाटेवर धुऱ्याला, म्हणजे बांधाला, घासणार नाही इतकं वर हवं. देवमननं दारात विटा रचल्या आणि आईला त्यावर पाय टाकायला लावला. सकाळी तिचा पाय चार विटांवर गेला. दुपारी जेवणानंतर साडेतीन. संध्याकाळी तीन विटांवरच अडखळला. यातली कोणती वेळ खरी धरावी ते त्याला कळेना, म्हणून पुढचे चार दिवस त्यानं रोज तीनदा माप घेतलं आणि पल्लवीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. पल्लवी, म्हणजे आता त्याची बायको, गावात आशा सेविका आहे. ती म्हणाली, की गावातल्या सगळ्या गरोदर बायांची मिळून एवढी नोंद माझ्याकडं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारची बाई दबक्या आवाजात विचारून गेली, की म्हातारीची तब्येत फारच बिघडली आहे का, देवमन रोज माप घेतोय म्हणून विचारलं. तेव्हा भागिरथाबाईनं विटा उचलून न्हाणीत नेऊन टाकल्या आणि जाहीर केलं, की आता एक फूट धर आणि गप बस.

कारंजाला गोविंदसिंग नावाच्या माणसाचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीटकव्हरं, भोंगे, आरशाला लावायचे गोंडे, सगळं मिळतं. फोनवर तो म्हणाला, की पाय माताजींचा तर पसंतीही माताजींची, त्यांनाच घेऊन या. दोघांनाही हे बोलणं अगदी बरोबर वाटलं. फोन ठेवल्यावर देवमनच्या लक्षात आलं, की पायदान पसंत करायला आईला कारंजाला न्यायचं तर आधी आईनं गाडीत बसायला हवं, आणि गाडीत बसायला आधी पायदान हवं. या कोड्यावर तो दोन दिवस डोकं धरून बसला. भागिरथाबाईला ते कोडं वाटलंच नाही. ती एसटीनं जाणार होती. पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट पडत नाही, आणि एसटीला पायऱ्या कंपनीतूनच असतात.

झालं. मंगळवारी सकाळी पुढं एसटी आणि एसटीच्या मागं देवमनची रिकामी पिकअप, अशी वरात निघाली. एसटी जिथं थांबे तिथं देवमनही थांबे, कारण पुढं जाऊन दुकान शोधत आई एकटी हिंडली तर काय, ही त्याला फिकर. दोन थांब्यांवर लोक त्याच्याच गाडीत चढायला लागले. भागिरथाबाई शेवटच्या सीटवर बसून मागच्या काचेतून अधूनमधून त्याला हात करत होती. वाहकाच्या ते नजरेतून सुटलं नाही. ती पांढरी गाडी तुमच्या मागावर आहे का, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, की तो माझा मुलगा आहे, मला घेऊन कारंजाला चाललाय. मग त्याच्या गाडीत का नाही बसलात, असा पुढचा प्रश्न आला.

"तिले पायरी नाई," ती म्हणाली. "थेच आनाले चाललो."

वाहकानं तिच्याकडं पाहिलं, मागच्या गाडीकडं पाहिलं, आणि कारंजा येईपर्यंत तो पुढं चालकाजवळ जाऊन उभा राहिला.

गोविंदसिंगनं दुकानासमोर सगळा माल मांडून ठेवला होता. गोल चकचकीत नळीचं एक होतं. भागिरथाबाईनं त्यावर तळवा ठेवला आणि सांगितलं, की यावर पोपट बसेल, माणूस नाही. एक जाळीच्या लोखंडी पत्र्याचं होतं, मजबूत, पण त्याच्या कडेला हात लावताच तिनं विळ्याची धार बघितल्यासारखी मान हलवली. मग गोविंदसिंगनं ठेवणीतली वस्तू काढली. दार उघडलं की आपोआप बाहेर येणारं आणि दार लावलं की आत जाणारं, विजेवरचं पायदान. दुकानातल्या एका मोठ्या गाडीला ते बसवलेलं होतं. त्यानं दार उघडलं, पायदान सूं करत बाहेर आलं. भागिरथाबाई दोन पावलं मागं सरकली. दार लागलं, पायदान आत गेलं. असं चारदा झालं. पाचव्यांदा तिनं स्वतः दार उघडलं, पायदान बाहेर आल्यावर वाकून त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाली, की हे आपल्या मनानं येतं आणि आपल्या मनानं जातं, आपण मधल्या मधेच राहिलो तर कोणाला विचारायचं.

एव्हाना देवमननं सगळ्या पायदानांवर उभं राहून, बसून, उडी मारून पाहिलं होतं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली होती. भागिरथाबाई थकली. भिंतीला लागून दोन लांबलचक पायदानं एकावर एक ठेवलेली होती, सपाट, रुंद, वरून काळ्या रबराची नक्षी. ती जाऊन त्यांच्यावर बसली. पाय लांब केले, पदरानं वारा घेतला, आणि दहा मिनिटांनी म्हणाली, "हेच घे. यावर बराबर बसता येते."

गोविंदसिंगनं समजावून सांगितलं, की हे चार दारांच्या मोठ्या पिकअपचं आहे, एका गिऱ्हाइकानं मागवलं आणि नेलं नाही. तुमच्या गाडीला दोनच दारं, हे हातभर लांब होईल. शिवाय पायदान बसायला नसतं, चढायला असतं. भागिरथाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि उठली नाही. देवमनच्या आयुष्यात पहिल्यांदाच एखादी निवड दहा मिनिटांत झाली होती. तो इतका हलका झाला, की त्यानं गोविंदसिंगला ते बसवायलाच सांगितलं.

बसवण्यात दुपार गेली. गाडीच्या सांगाड्याला जी भोकं होती ती पायदानाच्या पट्ट्यांच्या भोकांशी जुळेनात. गोविंदसिंगच्या मिस्त्रीनं जाड पट्टीचे नवे आधार कापले, एक फुटाच्या मापासाठी ते खाली वाकवले, भोकं पाडली, रंग मारला. लांबीमुळं पायदान केबिन ओलांडून मागच्या, माल भरायच्या डाल्याखाली, चाकाच्या जवळपास पोचलं, म्हणून एक आधार वाढवावा लागला. शेवटी वजन पेलतं की नाही बघायला मिस्त्री, गोविंदसिंग आणि देवमन तिघं एका बाजूला उभे राहून एकदमच हलले. गाडी डोलली, पायदान जागचं हललं नाही.

आता आईनं पहिलं पाऊल ठेवायचं होतं. देवमननं दार उघडून धरलं. भागिरथाबाई पायदानाजवळ आली, नव्या रबरावरून हात फिरवला, आपल्या चपलांकडं बघितलं, आणि मग घड्याळाकडं. साडेचारची एसटी होती.

"आता कोरं करकरीत हाय," ती म्हणाली. "आज काहून मळवावं? आन् येस्टी फुकट तं हायच."

परत येताना पुन्हा पुढं एसटी आणि मागं पिकअप. वाहक सकाळचाच होता. या खेपेला तो आपण होऊनच चालकाजवळ जाऊन उभा राहिला.

देवमनच्या गल्लीत पिकअप शिरत नाही. ती उभी असते ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाखाली. जागेच्या एका अंगाला बौद्ध वस्ती, दुसऱ्या अंगाला पाटलांची घरं. दुसऱ्या दिवशी दुपारी भागिरथाबाई फडकं घेऊन पायदान पुसायला आली. पुसून झाल्यावर त्यावर बसली. सावली होती, वारा होता, रस्त्यावरचं येणंजाणं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ती फडकं न घेताच आली.

त्याच आठवड्यात तुळसाबाई चक्कीवरून पीठ घेऊन येत होत्या. तुळसाबाई म्हणजे बबनराव पाटलांच्या घरच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे भागिरथाबाईच्याच वळणावर गेलेले. भागिरथाबाईनं त्यांच्या वावरात तीस वर्षं निंदण केलं, कापूस वेचला. तेवढी वर्षं दोघी बोलतही आल्या, पण ते बोलणं नेहमी उभ्यानं. पाटलीणबाई ओसरीवर उभ्या आणि भागिरथा अंगणात. बस असं कोणी म्हटलं नव्हतं आणि बसू नको असंही. तो विषयच कधी निघाला नव्हता.

त्या दिवशी तुळसाबाईंनी पिठाचा डबा पायदानावर टेकवला. मग डब्याशेजारी स्वतः टेकल्या. ती ना कोणाची ओसरी होती ना कोणाचं अंगण, देवमनची गाडी होती. तुळसाबाईंनी रबरावर दोनदा हात मारून पाहिला आणि बसायला चांगलं केलं म्हणाल्या. दिवस मावळायला बबनरावांनी घरून माणूस पाठवला, पीठ कुठं गेलं म्हणून.

तेव्हापासून रोज तीन वाजता दोघी पायदानावर. पहिले काही दिवस मधे पिठाचा डबा असे, मग तो घरीच राहू लागला. भागिरथाबाई पहिल्या आठवड्यात "पाटलीणबाई" म्हणत होती, दुसऱ्यात "बाई", आणि तिसऱ्यात तिच्या तोंडून "तुळसा" निघून गेलं. तुळसाबाई तेव्हा सुपारी कातरत होत्या. त्या कातरतच राहिल्या.

यात गोची झाली देवमनची. गाडी काढायची तर दोघींना उठवावं लागणार, आणि उठा म्हणणं त्याला जमेना. एकदा तो किल्ली वाजवत गाडीभोवती सात चकरा मारून आला. आईनं त्याला विचारलं, की काही हरवलं का. मग त्यानं धंद्याचीच वेळ बदलली. भाडी सकाळची घ्यायची आणि काही झालं तरी पावणेतीनला गाडी कडुनिंबाखाली आणून लावायची. एकदा कारंजाहून परत येताना टायर बसला, तर तो आधी घरी फोन करतो आणि मग जॅक काढतो. आईला सांग आज वीस मिनिटं उशीर होईल, असं त्यानं पल्लवीला कळवलं. तुळसाबाईंना निरोप द्यायला पल्लवीच धावत गेली. पल्लवी म्हणे, की लसीकरणालाही मी इतकी पळत नाही.

पाच आठवडे असं सुरळीत चाललं. मग एका दुपारी साडेतीनला खुद्द बबनराव आले. त्यांची सोयाबीन घरात पडून होती. कारंजाच्या व्यापाऱ्यानं फोन केला होता, की आज माल आणाल तर या भावात घेतो, उद्याचं सांगत नाही. दुसरी गाडी मिळेना. बबनरावांनी देवमनला गाडी काढायला सांगितलं.

देवमननं कडुनिंबाकडं बघितलं. "गाडी रिकामी हाय, भाऊ," तो म्हणाला. "पायदान रिकामं नाई."

बबनराव पुढं झाले. पायदानावर त्यांच्याच घरची बसली आहे हे त्यांना माहीत होतं, पण असं समोर उभं राहून कधी बघितलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. तुळसाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं, नवऱ्याला नव्हे तर येणाऱ्या गाडीला थांबवतात तसा. त्या मोठ्या अवघड जागी येऊन पोचल्या होत्या.

गोष्ट अशी होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वी पाटलांच्या वाड्यावरून एक नवाकोरा विळा गेला होता. तुळसाबाईंनी चारचौघींत भागिरथाचं नाव घेतलं. भागिरथानं तो विळा नेला नव्हता, पण त्या हंगामात तिला पुन्हा कामाला बोलावणं आलं नाही. आणि आता, पायदानावर बसून, तुळसाबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, की तो विळा त्याच वर्षी पोळ्याच्या सुमाराला कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात सापडला होता. त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. हे सांगून होतं न होतं तोच बबनराव आले होते, आणि भागिरथाबाईनं अजून काहीच उत्तर दिलेलं नव्हतं.

"माल भरा तुमी," तुळसाबाई म्हणाल्या. "आमाले उठवू नका."

मग माल भरायला सुरुवात झाली. दोघी पायदानावर बसलेल्या आणि त्यांच्या डोक्यामागं एकेक कट्टा डाल्यात पडतोय. पंधरा क्विंटल सोयाबीन चढली तसतशी गाडी खाली बसत गेली आणि तिच्याबरोबर दोघीही खाली बसत गेल्या. आपण बुडतोय हे प्रथम भागिरथाबाईच्या ध्यानात आलं. तिनं पायदानाखाली वीत धरून बघितली. एक फूट आता एक फूट राहिला नव्हता. जेमतेम तीन विटा भरत होत्या.

सगळं भरून झालं. देवमन किल्ली घेऊन उभा, बबनराव घड्याळ बघत उभे. तुळसाबाई तर उत्तर मिळाल्याशिवाय हलायला तयार नव्हत्या. भागिरथाबाई मात्र उठली. तिनं चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या, दाराची कडी धरली, एक पाय पायदानावर ठेवला, मग दुसरा, आणि आत जाऊन सीटवर बसली. दहा महिन्यांनी. देवमन नुसता बघत राहिला. इतका विचार केलेली गोष्ट इतक्या लवकर संपून गेली होती.

"ये तुळसा," ती आतून म्हणाली. "सांगतो."

तुळसाबाईंनीही चपला काढल्या आणि तशाच चढल्या. केबिन भरली. माल ज्यांचा होता त्या बबनरावांना जागा उरली ती मागं, पोत्यांवर. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण व्यापारी थांबणार नव्हता. पायदान हातभर लांब होतं हे त्यांच्या कामी आलं. त्यावर पाय देऊन ते डाल्यात चढणार, तेवढ्यात त्यांना खाली चार चपला दिसल्या. हाका मारल्या तर इंजिन सुरू झालेलं. चपला तिथंच ठेवल्या तर कुत्री नेतील. शेवटी त्यांनी चारही उचलल्या आणि पोत्यांवर चढून बसले.

पण ठेवणार कुठं? खाली सगळं धान्य. धान्यावर चपला ठेवणारा माणूस कामरगावात अजून जन्मलेला नाही, आणि बबनराव तर नाहीच नाही. तेव्हा त्यांनी धोतराच्या ओच्यात चपला घेतल्या आणि त्यावर दोन्ही हात धरले. अशी ती गाडी भर बाजारपेठेतून निघाली. पोत्यांच्या ढिगावर उंच बबनराव पाटील, मांडीवर आपल्या बायकोच्या आणि भागिरथा वानखडेच्या चपला. लोक उठून उभे राहिले. कोणीतरी रामराम घातला. हात मोकळे नव्हते म्हणून बबनरावांनी मानेनंच घेतला.

पुढं केबिनमधे काय बोलणं झालं ते एकट्या देवमननं ऐकलं. गाव सुटल्यावर भागिरथाबाईनं सांगितलं, की विळा कुटारात होता हे तिला माहीत होतं. तिनंच तो खुपसला होता.

"काहून वो?" तुळसाबाईंनी विचारलं.

"त्या दिवशी मी तापानं फणफणत होतो. तरी आलतो निंदाले. तू च्या देल्ला, गोठ्यातल्या कोनाड्यातल्या कपात. त्यात कोळिष्टक होतं. धुवाले पानी मांगतलं तं तू म्हनली, बोटानं काढ."

देवमननं उगाचच गिअर बदलला. मग तुळसाबाईंनी हळूच विचारलं, की तो कप कोणता, निळ्या फुलाचा का. भागिरथाबाई म्हणाली, की फूल नव्हतं, कान नव्हता, नुसता कप. तुळसाबाईंनी मान खाली घातली. सापडलेला विळा त्यांनी भीतीनं लपवून ठेवला होता, पेटीत, साड्यांच्या खाली. त्रेचाळीस वर्षं तो तिथंच होता. त्यांनी एकही दिवस तो वापरला नव्हता. हे ऐकून भागिरथाबाई अशी हसायला लागली, की तिला ठसका लागला. तुळसाबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि पिशवीतली बाटली काढून, झाकण उघडून तिच्या तोंडाला लावली.

कारंजाला माल उतरेपर्यंत दोघी केबिनमधेच होत्या. बबनराव खाली आले आणि त्यांनी पायदानासमोर चपला मांडल्या. अंदाजानं मांडल्या. पन्नासवर वर्षं झाली होती संसाराला, पण बायकोची चप्पल कोणती हे त्यांना माहीत असण्याचा प्रसंग आला नव्हता. भागिरथाबाई उतरली आणि बघत उभी राहिली.

"भाऊ, हे तुळसाची हाय," ती म्हणाली. "माही ते टाचेले तार लावल्याली."

बबनराव वाकले आणि त्यांनी जोड अदलाबदल केले. मोंढ्यात माणसं होती, हमाल होते, त्यात ते दोन मावसभाऊही होते. बबनराव काट्याकडं गेले आणि सोयाबीनमधे ओल किती दाखवतंय यावर व्यापाऱ्याशी नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं भांडले.

पुढच्या महिन्यात त्यांनी कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आणून बसवला. हिरवा रंग, पाठ टेकायची सोय, ऐसपैस. बायकांना बसायला जागा होईल आणि गावातली एक चालती गाडी मोकळी होईल, असा सरळ हिशेब. पहिल्या दिवशी दोघी त्यावर बसल्या. देवमन पहिल्यांदाच तीन वाजता गाडी सुरू करत होता. बबनरावांनी उत्साहानं विचारलं, बाक कसा वाटतो.

"बाक बेस हाय, भाऊ," भागिरथाबाई म्हणाली. "पन हा कोठी जाते?"

आणि दोघी उठल्या. गाडी कुठं चालली हे न विचारता, चपला हातात घेऊन, केबिनमधे जाऊन बसल्या.

आता त्या बाकावर एसटीची वाट बघणारे बसतात. दोघी जिथलं भाडं असेल तिथं जातात. परवा कुटार टाकायला धनजला गेल्या होत्या, मागच्या आठवड्यात शेलूबाजारला जाऊन कांद्याचं रोप घेऊन आल्या. देवमनकडं भाडं सांगायला येणारे हल्ली आधी त्यालाच विचारतात, की गोष्ट कुठवर आली. विळ्याचं संपलं. सध्या त्याच्या पुढच्या वर्षी हरवलेल्या म्हशीचं चालू आहे, आणि देवमन सांगतो, की दोन खेपा झाल्या तरी अजून म्हैस गोठ्यातच आहे.